वागण्यामागचे ‘कशासाठी’

गृहपाठाची वही उघडली की एक सहा वर्षांचा मुलगा टेबलावर कपाळ आपटू लागतो. दुसऱ्या घरात त्याच वयाची मुलगी, आई फोनवर बोलू लागली की नेमके तेच करते. तिसरे मूल जवळ कुणीही नसताना, रिकाम्या खोलीत, एका लयीत कपाळ आपटत राहते. पाहणाऱ्याला तिन्ही घरांत एकच गोष्ट दिसते, शेजारीपाजारी एकच सल्ला देतात आणि डॉक्टरांच्या कागदावरही बहुधा एकच शब्द उतरतो. वर्तन विश्लेषकाचे काम इथून सुरू होते, कारण त्याच्या लेखी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या मुलाची आपटण्यामुळे वहीतून सुटका होते, दुसरीला आईचे लक्ष मिळते, तिसऱ्याला त्या हालचालीतूनच काहीतरी मिळते. वागण्याआधी काय घडले, नंतर काय घडले हे टिपायचे, त्यावरून हे वागणे त्या माणसाच्या कोणत्या कामी येते याचा अंदाज बांधायचा, भोवतालची परिस्थिती बदलायची आणि अंदाज बरोबर होता की नाही हे आकड्यांवर तपासायचे, असे या व्यवसायाचे थोडक्यात स्वरूप आहे. या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. ‘हे कशासाठी?’ हा प्रश्न जो सोडत नाही तोच खरा वर्तन विश्लेषक, आणि असा माणूस शोधणाऱ्या आईवडिलांनी पदवी, पाटी आणि सेंटरची सजावट पाहण्याआधी हीच कसोटी लावावी.

या विद्येचे मूळ बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत आहे. 1938 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या पुस्तकात त्याने दाखवले की प्राण्याचे वागणे त्या वागण्याच्या परिणामांनी घडते. ज्या परिणामामुळे एखादे वागणे पुढे वाढते, त्याला मराठी पाठ्यपुस्तके ‘प्रबलन’ म्हणतात. प्रबलन म्हणजे बक्षीस असे समजण्याची चूक सर्रास होते. मुलाला रागावणे ही आपल्या दृष्टीने शिक्षा असेल. पण रागावल्यावर तेच वागणे वाढत असेल, तर त्या मुलापुरते ते रागावणेच प्रबलन ठरते. ठरवतो तो परिणाम, देणाऱ्याचा हेतू नाही. 1949 साली पॉल फुलर या संशोधकाने हे तत्त्व एका अठरा वर्षांच्या तरुणावर वापरून पाहिले. तो तरुण कूस वळवू शकत नव्हता, बोलू शकत नव्हता, आणि तो काही शिकेल ही आशा डॉक्टरांनी सोडली होती. उजवा हात हलला की तोंडात कोमट गोड दुधाचा थेंब, एवढीच योजना होती. चौथ्या बैठकीपर्यंत तो मिनिटाला सुमारे तीन वेळा हात उभा करू लागला. प्रयोग छोटा होता, पण ‘याला काही येणार नाही’ हे वाक्य उच्चारण्याआधी शिकवणाऱ्याने स्वतःची पद्धत तपासावी, हा या शाखेचा बाणा तिथपासूनचा आहे.

प्रयोगशाळेतून ही विद्या घरात आणि वॉर्डात आली ती 1960च्या दशकात. 1964 साली मॉन्ट्रोझ वूल्फ, टॉड रिझ्ली आणि हेडन मीस यांनी साडेतीन वर्षांच्या एका स्वमग्न मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतली भिंगे काढली होती आणि चष्मा लावला नाही तर दृष्टी जाण्याचा धोका होता; पण तो चष्म्याला हातही लावू देत नसे. संशोधकांनी काम पायऱ्यांनी नेले. आधी काचा नसलेल्या रिकाम्या चौकटी खोलीत ठेवल्या. त्याने एखादी उचलली, हातात धरली, डोळ्यांजवळ नेली की दर पायरीला खाऊ. पुढे तो दिवसाला सुमारे बारा तास चष्मा लावू लागला. न्याहारीचे घासदेखील तेव्हा बक्षीस म्हणून वापरले गेले. आजच्या नीतिनियमांच्या नजरेने ही पद्धत सहज मान्य होणार नाही, हेही इथेच नोंदवले पाहिजे. 1968 मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या डोनाल्ड बेअर, वूल्फ आणि रिझ्ली यांनी या नव्या शाखेच्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात तिची लक्षणे मांडली. वर्तन त्या माणसाच्या आयुष्यात महत्त्वाचे हवे, ते मोजता आले पाहिजे, आणि बदल आपल्या उपायानेच झाला हे दाखवता आले पाहिजे. चष्म्याचा प्रश्न या तिन्हींत बसतो. वर्गात हात बांधून बसण्याचा प्रश्न बसतो का, याकडे पुढे वळू.

तरीही ‘कशासाठी’ हा प्रश्न या शाखेच्या केंद्रस्थानी यायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. तोवर अनेक ठिकाणी गणित सोपे होते: नको असलेल्या वागण्याला शिक्षा, हव्या असलेल्याला बक्षीस. 1982 साली ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि चित्र पालटले. त्यांनी प्रत्येकाला पंधरा-पंधरा मिनिटांसाठी वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवले. एकीत इजा केली की कुणीतरी काळजीने बोलायचे, दुसरीत अभ्यासाची सक्ती आणि इजा केली की त्यातून सुटका, तिसरीत मूल एकटे, चौथीत खेळणी, गप्पा आणि कसलीही मागणी नाही. नऊपैकी सहा जणांत इजेचे प्रमाण एका विशिष्ट परिस्थितीतच सातत्याने वाढलेले दिसले, आणि ती परिस्थिती सगळ्यांची एकच नव्हती. पुढे 1994 मध्ये याच गटाने 152 जणांचा आढावा घेतला. सुमारे 38 टक्के लोकांत मागणीतून सुटका हे कारण निघाले, सुमारे 26 टक्क्यांत लक्ष किंवा एखादी वस्तू मिळणे, आणि जवळपास तितक्याच लोकांत त्या कृतीतून मिळणारे संवेदनच. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. वर्गात आरडाओरडा करणाऱ्या मुलाला बाहेर उभे करणे ही आपल्याकडची सर्वांत जुनी शिक्षा. मूल लक्ष वेधण्यासाठी ओरडत असेल तर तिचा काही उपयोग होईलही. पण ते गणिताच्या तासातून सुटण्यासाठी ओरडत असेल, तर शिक्षक रोज त्याला हवे तेच देत आहेत आणि ओरडणे वाढवत आहेत. एकच उपाय एका मुलाला औषध आणि दुसऱ्याला अपाय ठरतो, आणि कोणाला काय हे वागण्याच्या रूपावरून कधीच कळत नाही.

कारण कळले की उपायाचे स्वरूपच बदलते. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी 1985 मध्ये चार मुलांवर केलेले काम मला या शाखेतले सर्वांत देखणे काम वाटते. काही मुलांचे बिघडलेले वागणे काम अवघड झाले की उफाळत होते, काहींचे मोठ्यांचे लक्ष कमी झाले की. संशोधकांनी वागणे दाबले नाही, त्याच्या जागी शब्द दिले. अवघड कामात अडकणाऱ्याला ‘मला समजत नाही’ असे सांगायला शिकवले आणि तसे म्हटले की मदत मिळू लागली. लक्ष हवे असणाऱ्याला ‘मी नीट करतोय का?’ हे विचारायला शिकवले आणि विचारले की कौतुक मिळू लागले. वागणे झपाट्याने निवळले. त्याहून बोलका भाग असा की मुलांना एक न जुळणारे वाक्यही शिकवून पाहिले होते, म्हणजे मदत हवी असणाऱ्याला कौतुकाचे. त्याचा काही उपयोग झाला नाही. शब्द शिकवले म्हणून फरक पडला नव्हता; त्या मुलाला जे म्हणायचे होते तेच म्हणता आले म्हणून पडला. कपाळ आपटणे ही तोवर त्याची भाषा होती.

प्रत्यक्षात हे काम बाहेरून फार नाट्यमय दिसत नाही. विश्लेषक आधी आईवडिलांशी सविस्तर बोलतो, मग मुलाला घरी, शाळेत, जेवताना पाहतो आणि प्रसंग टिपत जातो. ‘चिडचिड करतो’ असे तो लिहीत नाही. ‘जमिनीवर पडून रडतो, वीस सेकंदांपेक्षा जास्त’ असे लिहितो, म्हणजे आजी मोजेल आणि बाई मोजतील ते सारखेच असेल. आठवडाभराच्या नोंदींचा आलेख तयार होतो, मग एक बदल केला जातो आणि आलेख पुढे सरकतो. रेषा हलली नाही तर दोष मुलाच्या माथी मारायचा नसतो, अंदाज चुकला असे समजून नव्याने सुरुवात करायची असते. जगभर या व्यावसायिकांपैकी बहुतेक जण स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करतात. कारखान्यातली सुरक्षितता, वृद्धांची काळजी, प्राण्यांचे प्रशिक्षण या क्षेत्रांतही तीच तत्त्वे वापरली जातात, पण आपल्याकडे घराचा दरवाजा ठोठावणारी गरज मुलांचीच आहे.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते गंभीर आहेत आणि हात झटकून उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप: माणसाचे वागणे बदलण्याची ताकद हातात आली की तिचा दुरुपयोग होतोच. याला इतिहास साक्ष आहे. 1972 साली फ्लोरिडात मायामीच्या सनलँड या बौद्धिक अक्षम व्यक्तींच्या संस्थेत चौकशी झाली, तेव्हा ‘वर्तन सुधारणे’च्या नावाखाली मारहाण, कोंडून ठेवणे आणि जाहीर अपमान चालल्याचे उघड झाले. त्या धक्क्यातून फ्लोरिडाने आधी मार्गदर्शक नियम आणि नंतर परीक्षा आणली, आणि त्याच परंपरेतून 1998 मध्ये अमेरिकेतले वर्तन विश्लेषक प्रमाणन मंडळ उभे राहिले. त्या परीक्षेचा जन्म प्रतिष्ठेच्या हौसेतून झालेला नाही, अत्याचारातून झाला आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तरीही परीक्षेने प्रश्न मिटला नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटरमध्ये त्वचेला विजेचे झटके देण्याची पद्धत एकविसाव्या शतकातही चालू राहिली; 2020 मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने या उपकरणांवर घातलेली बंदी पुढच्या वर्षी न्यायालयाने रद्द केली, आणि वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या झटक्यांविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली ती 2022 मध्ये. माझ्या मते हा उशीर या व्यवसायावरचा डाग आहे.

दुसरा आक्षेप स्वमग्न प्रौढांनीच मांडलेला आहे आणि तो अधिक खोल जातो. वागणे कशासाठी हे शोधलेत, ठीक. पण कोणते वागणे बदलायचे हे कुणी ठरवले? हात फडफडवणे, डोळ्यांत न पाहणे, एकाच विषयावर बोलत राहणे यांनी इजा कुणाला होते? या प्रश्नाला आधार देणारा एक काळा अध्याय आहे. ओले इव्हार लोवास या क्षेत्रातले सर्वांत प्रसिद्ध नाव. 1974 मध्ये जॉर्ज रेकर्सबरोबर त्यांनी एका लहान मुलाचे ‘मुलीसारखे’ वागणे बक्षीस आणि शिक्षा वापरून बदलल्याचा लेख प्रसिद्ध केला. ज्या नियतकालिकाने तो छापला, त्याने 2020 मध्ये त्याबद्दल अधिकृतपणे चिंता व्यक्त केली. पद्धत जितकी प्रभावी, तितका चुकीच्या ध्येयाचा घाव खोल. शाखेच्या आतूनही हे कुणी ओळखले नव्हते असे नाही. 1972 मध्ये रिचर्ड विनेट आणि रॉबिन विंक्लर यांनी वर्गांतले प्रयोग तपासून दाखवले की बहुतेकांचे ध्येय मुलांना गप्प, स्थिर आणि आज्ञाधारक बनवणे एवढेच होते. ऑगडेन लिंड्स्लीने तर एक अफाट सोपी कसोटी दिली होती: जे काम मेलेला माणूसही करू शकतो, ते वर्तन नव्हे आणि म्हणून ते ध्येयही असू नये. ‘ओरडणार नाही’, ‘उठणार नाही’, ‘हात हलवणार नाही’ ही आपल्याकडच्या कितीतरी उपचार-योजनांतली ध्येये या कसोटीवर जागच्या जागी बाद होतात. वूल्फने 1978 मध्ये आग्रह धरला की ध्येय, पद्धत आणि परिणाम या तिन्हींबद्दल ज्यांच्यावर उपचार होतो त्यांचे मत विचारलेच पाहिजे. मला वाटते, या आक्षेपाचे उत्तर ‘कशासाठी’ हाच प्रश्न स्वतःकडे वळवण्यात आहे: हे मूल हात फडफडवते कशासाठी, आणि ते थांबावे असे आपल्याला वाटते ते कशासाठी? दुसऱ्या प्रश्नाला ‘लोक बघतात म्हणून’ एवढेच उत्तर असेल, तर बदलायची गोष्ट मुलाच्या हातात नाही.

तिसरा आक्षेप पुराव्याबद्दलचा. 1987 मध्ये लोवास यांनी जाहीर केले की आठवड्याला सुमारे 40 तास प्रशिक्षण मिळालेल्या 19 लहान मुलांपैकी 9 जण सर्वसाधारण शाळेत आणि सर्वसाधारण बुद्ध्यंकापर्यंत पोचले. या एका आकड्याने जगभरच्या आईवडिलांना आशा दिली आणि बाजारालाही घोषवाक्य दिले. पण मुलांची गटविभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक नव्हती, आणि त्या काळच्या उपचारांत ओरडणे आणि चापट मारणेही सामील होते. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या आढाव्याला या प्रकारच्या सघन उपचारांचे निकषांत बसणारे फक्त पाच अभ्यास मिळाले, एकूण 219 मुले. त्यातला एकच यादृच्छिक होता. निष्कर्ष असा की रोजच्या जगण्यातली कौशल्ये, बुद्ध्यंक आणि भाषा यांत काही प्रमाणात सुधारणेचा पुरावा आहे, मात्र त्या पुराव्याचा दर्जा कमी आहे. मी हे दोन्ही भाग एकत्र वाचतो. ही विद्या निरुपयोगी आहे असे म्हणायला जागा नाही. पण ‘आठवड्याला 40 तास घेतले तर मूल नॉर्मल होईल’ असे जो सांगतो, तो पुराव्याच्या बाहेर जाऊन विकत आहे. एकेका मुलावर, एकेका वर्तनावर आलेखाने दाखवलेले बदल हे या शाखेचे बळ आहे. संपूर्ण मूल बदलून देण्याचे वचन हा तिचा दुबळा भाग आहे.

तर असा माणूस शोधायचा कुठे? अमेरिकेत उत्तर तुलनेने सरळ आहे. प्रमाणित विश्लेषकाला पदव्युत्तर पदवी, साधारण 2000 तासांचे देखरेखीखालचे काम आणि परीक्षा लागते. त्याच्या हाताखाली 40 तासांचे प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ मुलांबरोबर बसतात. तिथल्या सर्व राज्यांत स्वमग्नतेच्या उपचारांसाठी विम्याचे नियम आहेत, त्यामुळे तिथल्या मराठी कुटुंबांनाही ही सेवा सहसा विम्यातून मिळते. मायदेशी परतल्यावर मात्र हा आधार संपतो. अमेरिकी मंडळाने 2023 पासून आपली दारे मुख्यत्वे अमेरिका आणि कॅनडापुरती ठेवली, त्यामुळे भारतातून नव्याने ते प्रमाणपत्र मिळवण्याचा मार्ग बंद झाला. आधी मिळवलेले लोक आहेत, इतर आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रेही आहेत, पण संख्या तोकडी आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्याखाली चिकित्सक मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, वाचा-उपचार तज्ज्ञ यांची नोंदणी होते. वर्तन विश्लेषक ही वेगळी वर्गवारी त्यात नाही. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत मात्र वर्तन विश्लेषकाचा नावानिशी उल्लेख आहे, आणि तो वर्तनविषयक आरोग्यविज्ञानाच्या गटात. कायद्याच्या पानावर हा व्यवसाय आला आहे. प्रत्येक जिल्ह्यात त्याची भक्कम नोंदवही असणे ही पुढची पायरी.

म्हणून सध्या कसोटी आईवडिलांच्याच हातात आहे. परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेला मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक, ज्याने वर्तन विश्लेषणाचे शिक्षण आणि देखरेखीखालचे काम दोन्ही केले आहे, असा माणूस मिळाला तर उत्तम. प्रमाणपत्र दाखवले तर देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव पडताळून पाहावे, त्यात संकोच कसला? पण खरी परीक्षा पहिल्या भेटीत होते. मूल न पाहताच, किंवा अर्ध्या तासात, जो पॅकेज आणि तास सांगतो त्याच्याकडून परत यावे. जो विचारतो की हे कधी होते, कधी होत नाही, त्यानंतर तुम्ही काय करता, झोप कशी आहे, दात दुखतो का, बद्धकोष्ठ आहे का, तो योग्य वाटेवर आहे, कारण दुखण्यामुळेही मुले आदळआपट करतात आणि आधी डॉक्टरांकडे पाठवणे हाही विश्लेषणाचाच भाग आहे. सेशन सुरू असताना आईवडिलांना काचेबाहेरही बसू न देणारे सेंटर कितीही चकचकीत असले तरी नको. आलेख मागावा, तो आपल्याला समजेल अशा भाषेत समजावून सांगता आला पाहिजे. आणि एक प्रश्न हमखास विचारावा: तुमचा उपाय लागू पडला नाही तर तुम्ही काय कराल? ‘तुम्ही घरी सातत्य ठेवत नाही’ हे ज्याचे पहिले उत्तर असेल, त्याने या शास्त्राचा गाभाच हरवला आहे.

यावर कुणी म्हणेल, हे पुणे-मुंबईचे बोलणे झाले. गडचिरोलीतल्या किंवा सिंधुदुर्गातल्या आईने कुठे जायचे? या प्रश्नाला पूर्ण उत्तर नाही, पण अर्धे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत आणि निदानाची सुरुवात तिथून होऊ शकते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ या आरोग्य विमा योजनेत स्वमग्न व्यक्तींसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि त्यात नियमित थेरपीचाही समावेश आहे. आणि तज्ज्ञ नसलेला माणूसही बरेच काही करू शकतो याचा पुरावा आपल्या शेजारीच, गोव्यात मिळाला आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत गोवा आणि पाकिस्तानातले रावळपिंडी इथल्या 65 स्वमग्न मुलांच्या कुटुंबांचा समावेश होता. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाच्या संवादाला प्रतिसाद देण्याची रीत शिकवली. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. हा उपाय वर्तन विश्लेषणाचा नव्हता, संवादावर आधारलेल्या दुसऱ्या परंपरेचा होता, हे स्पष्ट सांगायला हवे. पण जवळच्या माणसांना शिकवण्यात किती ताकद आहे हे त्यातून दिसते, आणि जिल्ह्यात एकच विश्लेषक असेल तर त्याने वीस मुलांसमोर बसण्याऐवजी वीस आयांना, अंगणवाडी सेविकांना आणि शाळेतल्या बाईंना नोंद करायला शिकवणे अधिक शहाणपणाचे आहे.

राहिला भाषेचा मुद्दा. अनेक सेंटरांत सेशन इंग्रजीतून चालते आणि ‘मुलाचा गोंधळ होईल, घरीही इंग्रजीच बोला’ असा सल्ला मिळतो. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलांची भाषा मागे पडते असे संशोधनात दिसलेले नाही. उलट हा सल्ला या शास्त्राच्याच विरुद्ध जातो. 1977 मध्ये ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर यांनी दाखवून दिले की एका खोलीत शिकवलेले कौशल्य दुसऱ्या खोलीत आपोआप जात नाही. ते जिथे वापरायचे तिथे, तिथल्याच माणसांसोबत शिकवावे लागते. सेंटरमध्ये ‘वॉटर’ म्हणून पाणी मागायला शिकलेले मूल घरी येऊन आजीपुढे तो शब्द उच्चारते, आजीला तो कळत नाही, पाणी येत नाही, आणि दोन-चार दिवसांत मूल पुन्हा हंड्यासमोर जाऊन किंचाळू लागते. तेव्हा विश्लेषकाने पहिल्याच आठवड्यात विचारावे की या मुलाला दिवसभर पाणी कोण देते, आणि ती व्यक्ती त्याला काय म्हणते.